असा परिवार आहे

शहाडला ज्यांच्या घरात मी चार वर्षं भाड्याने राहिले, त्यांच्याकडचं वर्तमानपत्र मला रोज दुपारी वाचायला मिळायचं आणि त्याला भोकं असायची. चौकोनी, नीट कापलेली. आतलं पान उघडून धरलं की त्यातून समोरच्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल दिसायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, घरात लहान मूल असेल. मूल नव्हतं. घरात काका होते, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, आणि ते सकाळी चहाच्या आधी कात्री घेऊन निधनाच्या बातम्या कापायचे.

"अगं, मी गेली चाळीस वर्षं पुढारी अर्धेच वाचत्येय," काकू म्हणाल्या. "भाषण रंगात आलं की भोक. मागच्या बाजूला कोण ना कोण वारलेलंच असतं."

काका मोहन्याच्या कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कामगारांची हजेरी मांडण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होताना त्यांनी कोरे राहिलेले हजेरीपट साहेबांची रीतसर लेखी परवानगी घेऊन घरी आणले आणि त्यांत आधीपासून साठवलेली कात्रणं चिकटवायला लागले. "आयुष्यभर हजेरी मांडली, आता गैरहजेरी मांडतोय," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवत. चिकटवायला घरची खळ, तिच्यात मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरात ती निळसर खळ शिजायची आणि काकू त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन बसायच्या.

कात्रणं लावायची पद्धतही त्यांचीच. आडनावावरून नाही, तारखेवरून नाही, गावावरून. संगमेश्वरचे एकत्र, जुन्नरचे एकत्र, महाडचे एकत्र. बातमीत गाव नसेल तर ते शोधून काढायचे, आणि नाहीच सापडलं तर 'गाव लागत नाही' असं लिहिलेला एक वेगळा जाडजूड हजेरीपट होता. ठाण्यापासून इकडे टिटवाळ्यापर्यंत कुणाला आपला पणजोबा कुठला, आजीचे भाऊ किती, असा प्रश्न पडला की तो फिरत फिरत काकांच्या दारात यायचा. लोक पाठीमागे त्यांना 'निधनकाका' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. त्यांची तक्रार फक्त एवढीच, की हे लोक 'निधन'मधला 'न' नाकात म्हणतात.

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. बातमीत जे छापून आलंय त्यावरची नोंद शाईने. कुणी तोंडी सांगितलेलं असेल तर पेन्सिलने, मग सांगणारा सख्खा मुलगा का असेना. "छापलेलं शाईचं, सांगितलेलं पेन्सिलचं," ते म्हणायचे. मी एकदा विचारलं, छापलेलं खोटं नसतं का? तर एवढे खूश झाले की आतून लाडू मागवला. "छापलेलं भरपूर खोटं असतं, टीचर! पण ते कोणी, कधी, कुठे खोटं बोललं हे तरी कळतं."

मी कल्याणच्या शाळेत शिकवायचे, म्हणून मी टीचर. नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

बातम्या वाचायचे कसे, तर वारलेल्या माणसाला ओलांडून सरळ खाली. 'त्यांच्या पश्चात' पासून पुढे. पत्नी, इतके मुलगे, इतक्या मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. तिथे त्यांचं बोट थांबायचं. "हा बघ, जावई आधी आणि मुलगे नंतर. बातमी जावयाने दिली." "हिला सहा महिन्यांपूर्वी तीन मुलगे होते, नवऱ्याच्या बातमीत. आता दोन. मधल्यामध्ये एक गेला आणि त्याची बातमी कोणी दिली नाही." 'अल्पशा आजाराने' या शब्दांवर त्यांचा फार राग. चार चार वर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं अल्पशा आजाराने जातात, म्हणायचे. पुण्यस्मरणाच्या जाहिरातींतला फोटो दर वर्षी तरुण होत जातो, हेही त्यांनीच मला दाखवलं. पुढे मोबाइलवर श्रद्धांजल्या यायला लागल्या तेव्हा ते हताश झाले. "यात परिवार कुठाय? नुसता दिवा आणि कमळ!"

पण सगळ्यांत मोठं दुखणं बायकांच्या माहेराचं. बाई जाते ती नवऱ्याच्या नावाने, तिच्या माहेरचा बातमीत पत्ता नसतो, त्यामुळे प्रत्येक घराण्याचा अर्धा भाग गडप, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते काय करायचे? तर बातमीत दिलेल्या पत्त्यावर दहाव्याला, बाराव्याला जाऊन उभे राहायचे आणि लोकांची जेवणं उरकली की विचारायचे, बाईंचं माहेरचं आडनाव काय? उल्हास नदीच्या घाटावरून त्यांना दोनदा हाकललं होतं. एकदा तर पिंडाला कावळा शिवत नव्हता आणि हे मधोमध पेन्सिल काढून उभे. काकूंनी ही गोष्ट मला हसत हसत सांगितली आणि सांगून झाल्यावर म्हणाल्या, "पण आडनाव घेऊनच आले हो."

खोली भाड्याने घेतली तेव्हा माझीही हजेरी झाली होती. वडिलांचं गाव? महाडकडचं, बौद्धवाडी. आईचं? मी म्हटलं, माहीत नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, चौकट रिकामी ठेवली, आणि त्यानंतर पाण्याची मोटर लावताना, जिन्यात भेटल्यावर, दिवाळीच्या फराळाची ताटली देताना मला आठवण करून दिली, "ती एक जागा रिकामी आहे, टीचर." माझ्या डोक्यात जायचं ते.

मग माझे दादा गेले. दादा म्हणजे माझे वडील. खोपटला एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली, तिथेच आमचं घर. बातमी मीच दिली होती. जलदान विधीच्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती आणि त्यांत मागच्या ओळीत, पांढऱ्या शर्टात, मांडीवर रेक्झिनची पिशवी घेऊन काका बसलेले. वंदना संपेपर्यंत हात जोडून बसले. जेवले. मग उठून थेट आईसमोर गेले आणि म्हणाले, "वहिनी, बातमीत तुमचं माहेर आलं नाही."

आई म्हणाली, "मला माहेर नाही."

माझे चुलते उठले. "ओ काका, टाइम बघा जरा. कुठून आलात तुम्ही?"

"शहाडहून," काका म्हणाले.

मी त्यांना दंडाला धरून दारापर्यंत नेलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालेलं मला. चपला घालता घालता ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माहेर नसलेली बाई मी अजून पाहिली नाही, टीचर. माहेर सापडत नाही अशा पाहिल्यात."

पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पेपरही घेतला नाही.

महिन्याभराने आईनेच विषय काढला. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते तुझे घरमालक. किती जुन्या बातम्या असतात त्यांच्याकडे?"

आईचं माहेर डोंबिवलीत. दोन भाऊ, आईसकट तीन बहिणी, आई त्यांतली मधली. दादांशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि पेढे घेऊन घरी गेली तेव्हा तिच्या वडिलांनी दार उघडलं नाही. तिची आई आत होती, बाहेर आली नाही. नंतर कधी कुणी आलं नाही, हिनेही पाऊल टाकलं नाही. वडील गेले ते तिला सात महिन्यांनी, एका शाळेतल्या मैत्रिणीकडून, बाजारात उभ्या उभ्या कळलं. आईचं तर त्याहून उशिरा. मला यातलं तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं, पण आई स्वतःहून बोलली ती त्या दिवशी.

"मला काही नको त्यांचं," ती म्हणाली. "शेवटी तरी मला त्यांनी आपल्यात धरलं होतं का, एवढंच कळलं पाहिजे." आणि एका चिठोऱ्यावर माहेरचं आडनाव, 'रेल्वेतून निवृत्त', 'डोंबिवली पूर्व' असं लिहून दिलं.

चिठोरं हातात पडताच काकांनी कान पकडून माझी माफी मागितली आणि दुसऱ्या क्षणी चष्मा बदलून आत गेले. नवव्या दिवशी मी शाळेतून आले तर काका जिन्याच्या तोंडाशीच उभे. 'गाव लागत नाही' त्यांच्या हातात होता. पिवळं पडलेलं बोटभर कात्रण. आजोबांचं नाव, रेल्वेतून निवृत्त, वृद्धापकाळाने निधन. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.

तीन मुली. मी ते पाच-सहा वेळा वाचलं.

"थांब," काका म्हणाले. "आकडा कोणी सांगितला ते कळलेलं नाही. आजीची बातमी सापडू दे."

मी कसली थांबते! मोबाइलवर फोटो काढला आणि तशीच खोपटला गेले. आईला म्हटलं, "आजोबांनी तुला धरलं होतं. हे बघ, तीन." आईने फोटो मोठा करून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग ट्रंक उघडली. तळाशी, साड्यांच्या खाली, तिच्या वडिलांचा एक फोटो होता. मी जन्मात पाहिला नव्हता. तिने तो दादांच्या फोटोशेजारी भिंतीवर लावला आणि संध्याकाळभर त्यांच्याबद्दल बोलत राहिली. ते आंबा कसे कापायचे, गणिताला कसे मारायचे, सगळं. एवढं बोलताना मी आईला कधी पाहिलं नव्हतं.

आणि पुढच्या आठवड्यात काकांना आजीचं कात्रण सापडलं. आजोबांच्या नंतर तीन वर्षांनी गेलेली. दोन मुलगे, दोन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.

मी म्हटलं, "बघा म्हणजे. बापाने धरलं आणि आईने काढून टाकलं." मला त्या न पाहिलेल्या आजीचा असा संताप आला.

काकांनी दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवली. "टीचर, मेलेला माणूस स्वतःची बातमी लिहीत नाही. ती घरातले देतात. पहिल्या बातमीच्या वेळी घरात कोण होतं, जे दुसऱ्या बातमीच्या वेळी नव्हतं?"

आजी. हे कळलं, आणि कळल्यावर पहिला विचार आला तो भिंतीवरच्या फोटोचा.

"आईला सांगायचं नाही," मी म्हटलं. "ती खूश आहे. राहू दे ना काका, काय फरक पडतो?"

ते चिडले. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "ते तुझं पेन्सिलचं होतं. तू शाईने सांगून आलीस. आणि जिने केलं तिचं काय? तिचं केलेलं कोणाच्या खात्यावर घातलंस तू?" मग जरा खाली येऊन म्हणाले, "पण माझंही अजून पेन्सिलचंच आहे. रविवारी डोंबिवलीला जाऊ."

बातमीतल्या पत्त्यावर गेल्यावर ते घराकडे वळलेच नाहीत. त्यांचा अनुभव असा, की प्रत्येक इमारतीत सगळ्यांचे अर्ज लिहून देणारा एक असतो, आणि आधी त्याला गाठायचं. वॉचमनने बोट दाखवलं. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर. माझे मामा केव्हाच जागा विकून गेले होते, पण मास्तर होते आणि त्यांना सगळं आठवत होतं.

"मीच लिहिली होती आजोबांची बातमी. मुलांनी सांगितलं तसं लिहिलं, दोन मुलगे, दोन मुली. पेपरात द्यायला निघालो तर आजी म्हणाल्या, मास्तर, वाचून दाखवा. त्यांना अक्षरओळख नव्हती. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी वाचत गेलो. 'दोन मुली' म्हटल्यावर म्हणाल्या, 'मास्तर, मी तीन जन्माला घातल्यात. तीन लिहा.'" मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. "मुलं गप्प उभी होती. त्या दिवशी त्यांना कोण अडवणार? मी त्यांच्यासमोर खोडून तीन केलं आणि पुन्हा वाचून दाखवलं."

"आणि आजोबा?" मी विचारलं. "ते कधी काही बोलले?"

"माझ्यापाशी नाही."

आजी गेल्या तेव्हा मास्तर मुलाकडे नाशिकला होते. ती बातमी मुलांनीच दिली.

खोपटला सांगायला काका स्वतः आले. मी म्हटलं होतं, मी सांगते, पण त्यांचा माझ्यावर भरवसा उरला नव्हता आणि खरं तर माझाही नव्हता. हजेरीपट पिशवीत घालून आणला होता. आईपुढे दोन्ही कात्रणं ठेवली आणि मास्तरांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही.

आईने भिंतीवरच्या तिच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. "म्हणजे अण्णांनी नाही."

"त्यांचं मला माहीत नाही," काका म्हणाले. "त्यांनी धरलं नाही असंही मी म्हणणार नाही. माहीत नाही ते माहीत नाही, वहिनी."

मला वाटलं, आता फोटो उतरवते. फोटो तिने उतरवला नाही. तिने पहिल्या कात्रणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आईला वाचता यायचं नाही. पत्रं मीच वाचून दाखवायचे. मध्येच थांबवायची. म्हणायची, हे परत वाच, हे बरोबर नाही लिहिलेलं." आणि मग ती रडली. दादांच्या वेळीही ती माणसांसमोर रडली नव्हती. इतकी वर्षं तिला वाटायचं, आई त्या दिवशी दाराशी आली नाही म्हणजे तीही त्यांच्यातलीच. काका खाली मान घालून, पेन्सिल बोटांत फिरवत बसून राहिले. उठून गेले नाहीत आणि सांत्वनही केलं नाही, आणि मला आजही वाटतं की त्या दिवशी तेच बरोबर होतं.

डोळे पुसून आई म्हणाली, "ह्या दुसऱ्या बातमीतलं दोन खोडा."

"छापलेलं खोडायचं नाही," काका म्हणाले. "बाजूला लिहा." आणि पेन्सिल पुढे केली.

"पेन नाही?"

"तुम्ही सांगताय. पेन्सिल."

मला त्यांना बडवावंसं वाटलं. पण आई हसली. तिने पेन्सिल घेतली आणि समासात, तिच्या गोल अक्षरात, लिहिलं: तीन. त्या दिवशी आमची चौकटही भरली. आईच्या माहेरचं मूळ गाव, राजापूरकडचं, पेन्सिलने.

त्या वर्षी आजीच्या तिथीला आईने न सांगता एक गोष्ट केली. वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन छोटीशी स्मरणाची जाहिरात दिली. फोटो नव्हताच तिच्याकडे. आजीचं नाव, त्याखाली 'आई, तुझी आठवण येते', आणि त्याखाली सही करावी तसं फक्त: तुझी मधली. मी शाळेत पेपर उघडला आणि तासाला जायचं विसरले.

त्यानंतर माझं लग्न झालं, मी शहाड सोडलं. काका दोन वर्षांपूर्वी गेले. स्वतःची बातमी ते लिहून ठेवून गेले होते, नुसती तारीख घालायची बाकी. 'अकरा वर्षांच्या मधुमेहाने' असं स्वच्छ लिहिलेलं, आणि पश्चात म्हणून एकट्या काकू, पण माहेरच्या आडनावासकट, कंसात गाव. मी ती जशीच्या तशी देऊन आले. छापून आली ती 'अल्पशा आजाराने', आणि माहेर गाळून.

"बघ," काकू म्हणाल्या, "शेवटी त्यांनासुद्धा अल्पशाच." हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "चिकटवायला तूच ये. मला त्या खळीचा वास सहन होत नाही."

आई बरोबर आली. मी खळ शिजवली, मोरचूद घातला, काकांचं कात्रण त्यांच्या गावाच्या पटात लावलं आणि समासात काकूंचं माहेर पेन्सिलने लिहिलं. मग आई म्हणाली, "आमचा काढ ना." आजोबा-आजी आता 'गाव लागत नाही'मध्ये नव्हते, राजापूरच्या पटात होते.

पान उघडलं. आजोबांचं कात्रण, आजीचं कात्रण, आणि त्यांच्याखाली तिसरं, आईने दिलेलं, कडा सरळ कापून चिकटवलेलं.

"त्या दिवशी पेपराला हे एवढं भोक होतं," काकू म्हणाल्या. "मी विचारलं, आज कोण गेलं? तर म्हणाले, आज कोणी गेलं नाही. आज एक आली."

तिसऱ्या कात्रणात 'मधली' या शब्दाखाली शाईची रेघ होती. मधली असायला तीन लागतात. तिथून एक बाण वर, आजीच्या बातमीच्या समासात गेला होता. आईने पेन्सिलने लिहिलेला 'तीन' आता शाईत होता. काकांनी त्याच्यावर आपलं अक्षर काढलं नव्हतं. आईच्याच गोल वळणावरून, कुठेही रेघ बाहेर जाऊ न देता, लेखणी फिरवली होती. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने. खाली बारीक अक्षरात: 'छापून आले.'

आईने त्या 'तीन'वर बोट ठेवलं.

"गिरवलंय बघ त्यांनी," ती म्हणाली.